उत्तराला गुण द्यायचे ते सुगीला

आखाजीच्या संध्याकाळी भेंडवळच्या शेतात घट मांडतात. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात वाघ घराण्याने चालवलेली ही परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचं सांगतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर आणि भोवती गोलाकार अठरा धान्यं. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला कोणतं धान्य कुठे सरकलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून पाऊसपाण्याचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. ते ऐकायला बाहेरच्या जिल्ह्यांतूनही शेतकरी येतात.

ही श्रद्धा की अंधश्रद्धा, हा वाद जुना आहे. मला त्याआधीचा एक प्रश्न पडतो. दिवाळीला सोयाबीन घरात आलं, की वैशाखातलं ते भाकीत बाहेर काढून झालेल्या खरिपाशी कोण ताडून पाहतं? ‘साधारण’, ‘मोघम’, ‘कुठे कमी, कुठे जास्त’ अशा शब्दांत दिलेलं उत्तर तर ताडताही येत नाही. ते कधी खोटं ठरत नाही आणि पेरणीच्या कामीही येत नाही.

हीच कसोटी मी कृषी केंद्राला, विद्यापीठाला आणि हवामान खात्यालाही लावेन. आपल्याकडे सल्ल्याची वाण नाही. किसान कॉल सेंटर 2004 पासून आहे, 1800-180-1551 ला फोन लावला की मराठीत उत्तर मिळतं. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही हाकेच्या अंतरावर आहे. पण उत्तर चांगलं की वाईट हे आपण ठरवतो ते सांगणाऱ्याच्या बोलण्यावरून. जो छातीठोक सांगतो आणि लगेच बाटली हातात देतो, तो हुशार ठरतो.

सोयाबीन पिवळं पडलं, हा चिखली-मेहकरकडचा दर पावसाळ्यातला प्रश्न. त्याला एक उत्तर नाहीच. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की असं होतं. तिथे आधी पाणी काढून द्यायचं, मग गरज पडली तर लोहाची फवारणी. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडे पाहावं लागतं. आणि पानावर पिवळे-हिरवे चट्टे विखुरलेले दिसले, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक. रोगट झाडं उपटून नष्ट करायची आणि माशीचा बंदोबस्त करायचा. विषाणू मारणारं औषध कोणाच्याच दुकानात नाही. म्हणून ‘भाऊ, वरची पानं की खालची? वावरात पाणी तुंबलं होतं का?’ असं जो आधी विचारतो, त्याला माझे निम्मे गुण तिथेच मिळतात. ‘आता काही फवारू नका’ असं सांगणाऱ्याला आणखी थोडे, कारण त्या उत्तरात त्याची विक्री बुडते.

उरलेले गुण मात्र पीक निघाल्यावरच द्यायचे, आणि तेही जपून. अमेरिकेत 1884 साली जॉन फिनले यांनी चक्रीवावटळींचे अंदाज वर्तवले. 2803 अंदाजांपैकी 2708 बरोबर आले, म्हणजे शेकडा 96.6. गिल्बर्ट नावाच्या अभ्यासकाने त्याच वर्षी दाखवून दिलं, की रोज डोळे मिटून ‘वावटळ येणार नाही’ म्हटलं असतं तरी शेकडा 98.2 बरोबर आले असते! वावटळ येणार असं फिनले यांनी 100 वेळा सांगितलं, ती आली 28 वेळाच. ‘आमचे नव्वद टक्के अंदाज खरे ठरतात’ असं कोणी सांगू लागलं, की मला हा हिशेब आठवतो. जून कोरडा जाणार हे आधी सांगून दुबार पेरणी वाचवली का, एवढंच विचारावं.

कृषी सहायकाने गावात एक वही ठेवावी. प्रश्न, तारीख, उत्तर कोणी दिलं, नेमकं काय सांगितलं, आणि एक रकाना कोरा. महिन्याभराने त्याच वावरात जाऊन तो भरायचा. फोनवर सल्ला देणाऱ्यांनीही फोन ठेवता ठेवता ‘समाधान झालं का’ विचारण्याऐवजी तीन आठवड्यांनी उलट फोन करून विचारावं, पिवळेपणा गेला का, आणि फवारणीला खर्च किती आला.