मामाचं घर, भाच्याचा कागद

आजचा विषय थोडा घरगुती आणि थोडा कायद्याचा. पुण्यात आयटीत काम करणाऱ्या माझ्या वयाच्या मुलांमध्ये एक जमात हमखास सापडते, नातेवाईकांच्या फ्लॅटमध्ये राहणारी. काका अमेरिकेत, मावशी मुलाकडे बंगलोरला, नाहीतर मामांनी गुंतवणूक म्हणून घेतलेला टू बीएचके रिकामा. मग फोन येतो, "अरे, बाहेर कशाला भाडं भरतोस? राहा की तिथे. घर पण वापरात राहील." मीही त्याच जमातीतला. अडीच वर्षं मामांच्या फ्लॅटमध्ये राहतोय, मेंटेनन्स आणि लाइटबिल भरतोय. कागद? छे, मामा-भाच्यात कसला आलाय कागद!

माझं मत आधीच सांगून टाकतो : मामा-भाच्यातच कागद हवा. परक्या घरमालकाशी भांडण झालं तर फक्त घर जातं. इथे घराबरोबर मामाही जातो.

आपल्याकडे या बाबतीत दोन समजुती फार घट्ट आहेत. पहिली राहणाऱ्याची : "इतकी वर्षं राहतोय, मला कोण काढणार?" गोव्यातला एक खटला बघा. बहिणीच्या घरात भाऊ राहत होता आणि ताब्याचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१२ साली न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की फुकट राहू दिलेल्या माणसाला कितीही वर्षं, अगदी दशकं राहिला तरी, त्या घरात हक्क मिळत नाही. भाडेकरार किंवा लायसन्सचा करार असेल तरच संरक्षण मागता येतं. म्हणजे मी कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाहीच. मामांच्या परवानगीने राहणारा लायसन्सी. परवानगी संपली की विषय संपला. १८८२ च्या इझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये कलम ६३ आहे, त्यानुसार परवानगी काढून घेतल्यावर घर सोडायला आणि सामान हलवायला 'वाजवी वेळ' मिळायला हवा. किती दिवस ते कायदा सांगत नाही. आठवडा? दोन महिने? ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावं आणि मग भांडावं.

दुसरी समजूत मालकाची : "माझं घर, माझा भाचा, कागद केला तरच तो हक्क सांगेल." ही भीती अगदीच उगाच आलेली नाही. जुन्या मुंबई भाडे कायद्यात बदल करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी राहत असलेल्या लायसन्सींना भाडेकरू मानलं गेलं होतं. तो धसका मागच्या पिढीच्या मनातून अजून गेलेला नाही. पण आजचा कायदा नेमका उलटा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ : भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही गोष्टही महाराष्ट्रात खरी नाही. म्हणजे भाचा दरमहा हातात पैसे देत असेल आणि कागद नसेल, तर जास्त धोका मामांना आहे! याउलट करार नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो, आणि न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते.

काही हुशार मंडळी आणखी पुढे जातात. प्रत्यक्षात दमडी देत नाहीत, पण मामांच्या नावाच्या भाडेपावत्या ऑफिसात देऊन एचआरएची सूट घेतात. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं दाखवलं की मामांचा पॅनही द्यावा लागतो, म्हणजे न मिळालेलं उत्पन्न मामांच्या नावावर! ही बचत नाही, करचोरी आहे.

मग करायचं काय? खरंच भाडं देत असाल तर सरळ लिव्ह अँड लायसन्स नोंदवा. ऑनलाइन होतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, अनामत असेल तर थोडं जास्त. भाडं नसेल तर निदान एक पानभर लिहा : राहणं परवानगीने आणि विनामूल्य आहे, मेंटेनन्स कोण भरणार, मोठी दुरुस्ती कोणाची, मी बसवलेला एसी आणि गीझर कोणाचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, घर हवं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. खाली दोघांच्या सह्या. या कागदाने मी भाडेकरू होत नाही, पण 'वाजवी वेळ' म्हणजे साठ दिवस हे तरी ठरतं.

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "दादाला काय वाटेल? भाच्याचा विश्वास नाही म्हणून?" मला हे पटत नाही. क्लायंटशी कितीही दोस्ती असली तरी मीटिंगनंतर आपण मिनिट्स पाठवतोच ना? अविश्वास म्हणून नाही, तर दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात म्हणून. सध्या मामेभावाचं लग्न ठरतंय. मामांना फ्लॅट लागणार का, हे मी विचारू शकत नाही. मामाही "कधी सोडतोस?" म्हणू शकत नाहीत. दोघंही फोनवर पावसाबद्दल बोलतो. हा संकोच मला कुठल्याही करारापेक्षा जास्त परका वाटतो.

म्हणून पुढच्या रविवारी मामांकडे जेवायला जाताना आंबाबर्फी आणि ते एक पान, दोन्ही घेऊन जाणार आहे. मुदतीची जागा कोरी ठेवली आहे. आकडा मामांनीच भरावा, घर त्यांचं आहे.