बॅकअप आहे, पण परत मिळेल काय?

दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. बॅटऱ्यांपासून भडकलेल्या या आगीत, सरकारी कर्मचारी आपली दैनंदिन कागदपत्रे जेथे साठवीत ती 'जी-ड्राइव्ह' ही यंत्रणा सुमारे ८५८ टेराबाइट माहितीसह नष्ट झाली. या माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेलीच नव्हती. साठा प्रचंड असल्याने तशी प्रत ठेवता आली नाही, असे स्पष्टीकरण नंतर देण्यात आले. संगणकीकरणात जगात आघाडीवर असलेल्या देशाच्या शासनाला जे साधले नाही, ते दहा-वीस माणसांच्या आस्थापनेला कसे साधावे, असा निराशेचा सूर यावर निघू शकतो. वस्तुस्थिती उलट आहे. लघुउद्योगाची माहिती सहसा एखाद्या सर्व्हरवर, फार तर एक-दोन टेराबाइटमध्ये मावते. तिची प्रत ठेवणे आज स्वस्त आहे आणि सोपेही. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. बॅकअपचे सॉफ्टवेअर निवडताना प्रत कशी घेतली जाते, याची चौकशी होते. ती परत कशी मिळते, याची होत नाही.

कायद्याचा तगादा

भोसरी, अंबड वा इचलकरंजी येथील लहान कारखाना असो, की शहरातील सनदी लेखापालाचे कार्यालय. हिशेब, मालाच्या नोंदी, पगारपत्रके, ग्राहकांचे आराखडे असे सारे काही कोपऱ्यातल्या एका सर्व्हरवर एकवटलेले असते. या माहितीची प्रत ठेवणे ही आता मालकाच्या मर्जीची बाब उरलेली नाही. कंपनी कायद्याखालील लेखाविषयक नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीने, मग ती लहानशी प्रायव्हेट लिमिटेड का असेना, त्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवला पाहिजे, असे ही दुरुस्ती सांगते. पूर्वी येथे 'ठरावीक कालावधीने' असा सैल शब्दप्रयोग होता. कंपन्यांना हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. भागीदारी वा एकल मालकीच्या व्यवसायाला कंपनी कायदा लागू नसला, तरी वस्तू व सेवा कर कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने नोंदी सांभाळणे भाग आहे.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेला कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले; वाजवी व्यवस्थेत काय अपेक्षित आहे हे सांगताना त्यांनी बॅकअपचा उल्लेख केला आहे. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कायदा प्रत ठेवण्यास सांगतो; ती प्रत गरजेच्या वेळी उघडेल की नाही, हे पाहायला रोज कोणी येत नाही. ती जबाबदारी मालकाचीच राहते.

प्रत वाचते कोणती?

माहिती नाहीशी होण्याची कारणे आता बदलली आहेत. पूर्वी भीती होती ती हार्ड डिस्क बिघडण्याची, चोरीची वा पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा सर्व्हर आणि त्याच्या शेजारच्या कपाटातील बॅकअपची डिस्क ही एकाच पुरात बुडू शकतात, हे मुंबईकरांना वेगळे सांगावे लागले नाही. आज त्यात खंडणीखोर सॉफ्टवेअरची भर पडली आहे. ते सर्व्हरवरील माहिती कुलूपबंद करते आणि त्याआधी बॅकअप शोधून पुसण्याचा प्रयत्न करते.

'नॉटपेट्या' हे विनाशी सॉफ्टवेअर २७ जून २०१७ रोजी जगभर पसरले, तेव्हा मेर्स्क या डॅनिश नौवहन समूहाचे न्हावा शेवा बंदरातील टर्मिनलही ठप्प झाले होते. या समूहाच्या जाळ्यातील सर्व वापरकर्त्यांची नोंद सुमारे दीडशे सर्व्हरवर होती आणि ते सर्व्हर एकमेकांशी सतत ताळमेळ राखीत. एक बंद पडला तर दुसरा आहेच, हा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात ते सारे एकाच वेळी गारद झाले. वाचला तो फक्त घाना देशातील एक, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती! दिल्लीच्या 'एम्स'वर नोव्हेंबर २०२२ मध्ये हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि रुग्णनोंदणी काही काळ कागदावर करावी लागली. रुग्णालयाच्या 'ई-हॉस्पिटल' प्रणालीची माहिती परत मिळाली, ती हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून.

दोन्ही घटनांचा बोध एकच. सर्व्हरला सतत जोडलेली प्रत सर्व्हरबरोबरच जाते. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी 'रेड' व्यवस्था किंवा फायलींचा सतत ताळमेळ ठेवणारी 'क्लाऊड' सेवा या सोयी उपयुक्त असल्या, तरी केवळ त्यांवर विसंबता येत नाही. चुकून पुसलेली फाइल त्या तितक्याच इमानाने दुसरीकडेही पुसतात. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 'तीन-दोन-एक' नियम म्हणूनच आजही मार्गदर्शक ठरतो. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी. त्याला आता एक जोड द्यावी लागते : निदान एक प्रत अशी हवी, की सर्व्हरचा मुख्य पासवर्ड हाती आला तरी ती पुसता येऊ नये.

आधी गरज, मग सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरची जाहिरातपत्रके पाहण्यापूर्वी मालकाने दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. किती तासांचे काम पुन्हा करावे लागले तर चालेल? आणि किती तास सर्व्हरविना व्यवसाय तग धरेल? दिवसभरात पाच-दहा बिले करणाऱ्याला रात्री एकदा घेतलेली प्रत पुरते. दर मिनिटाला मागणी नोंदवणाऱ्या वितरकाला ती पुरणार नाही. खर्चाचा अंदाज या दोन आकड्यांवरूनच येतो.

एक साधे गणित येथे उपयोगी पडेल. ५०० गिगाबाइट माहिती सेकंदाला २० मेगाबिट गतीच्या जोडणीवरून खाली उतरवायची, तर सलग ५५ तासांहून अधिक वेळ लागतो. केवळ 'क्लाऊड'वर बॅकअप ठेवणाऱ्या व्यावसायिकाने सोमवारी सकाळी हे काम सुरू केले, तर बुधवारची संध्याकाळ उजाडेल. म्हणून एक प्रत कार्यालयातील डिस्कवर, लवकर परत मिळावी यासाठी. आणि दुसरी दूर, आपत्तीतून वाचावी यासाठी, अशी विभागणी शहाणपणाची. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट व गुगल या तिन्ही कंपन्यांची माहिती केंद्रे मुंबई-पुणे परिसरात असल्याने भारतातच बॅकअप ठेवण्याची अट पाळणे अवघड नाही. मात्र नोंदणी करताना ठिकाणाची निवड डोळसपणे करावी लागते.

पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

विंडोज सर्व्हरसोबत 'विंडोज सर्व्हर बॅकअप' विनामूल्य मिळते. स्वतंत्र डिस्कवर संपूर्ण सर्व्हरची प्रत घेण्यास ते पुरेसे आहे. परंतु जाळ्यातील सामायिक फोल्डरवर ते केवळ शेवटची एकच प्रत ठेवते. कालची प्रत आधीच बिघडलेली निघाली, तर परवाची मिळत नाही. व्हीम, ॲक्रोनिस यांसारखी व्यावसायिक सॉफ्टवेअर जुन्या अनेक प्रती सांभाळतात आणि संपूर्ण सर्व्हर वेगळ्या यंत्रावर उभा करून देतात. व्हीमची मर्यादित विनामूल्य आवृत्तीही आहे. रेस्टिक, बॉर्ग ही मुक्त सॉफ्टवेअर माहिती कुलूपबंद करून जागेचीही बचत करतात. मात्र ती आज्ञा टंकित करून चालवावी लागतात आणि बॉर्ग मुळात लिनक्ससारख्या प्रणालींसाठी आहे. ते हाताळणारा एकमेव जाणकार नोकरी सोडून गेला, तर विनामूल्य सॉफ्टवेअर महाग पडते.

कोणताही पर्याय घेतला, तरी विक्रेत्याला काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. हिशेबाचा वा अन्य डेटाबेस चालू असताना त्याची सुसंगत प्रत घेतली जाते काय? उघड्या फाइलची नुसती नक्कल अनेकदा अर्धवट निघते. वार्षिक वर्गणी संपल्यावर जुन्या प्रती उघडता येतात काय? आठ वर्षांच्या नोंदी जपणाऱ्याला हा प्रश्न मोलाचा आहे. दर कशावर आकारला जातो : सर्व्हरच्या संख्येवर, की साठ्याच्या आकारावर? कुलूपबंद प्रतीचा पासवर्ड हरवला तर विक्रेताही ती उघडून देऊ शकत नाही, हे मान्य करून तो पासवर्ड कागदावर, सर्व्हरपासून दूर, कोण सांभाळणार?

बॅकअपचे सॉफ्टवेअरही अभेद्य नसते. व्हीममधील एका गंभीर त्रुटीचा फायदा २०२४ मध्ये 'अकिरा' व 'फॉग' या खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या हल्ल्यांत घेतला गेला. त्रुटी दुरुस्त करणारी आवृत्ती कंपनीने दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांना धोका कायम राहिला. बॅकअपच्या यंत्राचे खाते आणि पासवर्ड कार्यालयाच्या इतर जाळ्यापासून वेगळे ठेवावेत आणि दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात, हा त्यातला धडा.

रंगीत तालीम

या सर्वांपेक्षा महत्त्वाची बाब शेवटी राहते, आणि नेमकी तीच कोणत्याही जाहिरातपत्रकात नसते. संगणक प्रणाली लिहिणाऱ्यांना सेवा पुरवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच व्यवस्था योजलेल्या होत्या; ऐनवेळी त्यांतील एकही भरवशाने कामास आली नाही. नेहमीचा बॅकअप आवृत्तीतील तफावतीमुळे गुपचूप अयशस्वी होत होता आणि तसे कळवणारे ई-मेल पोहोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीवर कंपनी तरली. जेथे तज्ज्ञांची वाण नव्हती, तेथे ही स्थिती; मग 'बॅकअप यशस्वी' हा पडद्यावरील हिरवा संदेश पाहून निश्चिंत होणाऱ्या लहान कार्यालयाने किती विश्वास बाळगावा?

यावर उपाय खर्चिक नाही. खरेदीपूर्वी चाचणी आवृत्ती घ्यावी, दुसऱ्या एखाद्या संगणकावर सर्व्हरची प्रत पुन्हा उभी करावी आणि घड्याळ लावून वेळ मोजावा. गेल्या महिन्यातले एखादे बिल त्यात उघडते का, ताळेबंदाचे आकडे जुळतात का, हे हिशेबनिसाने स्वतः पाहावे. ज्या सॉफ्टवेअरने ही परीक्षा कार्यालयातील सामान्य कर्मचाऱ्याच्या हातून पार पाडली, तेच त्या कार्यालयासाठी योग्य. त्याची किंमत आणि नाव हे प्रश्न त्यानंतरचे. हीच तालीम पुढे दर तीन महिन्यांनी व्हावी आणि तिची नोंद तारीखवार ठेवली जावी. आग विझवण्याचे नळकांडे भिंतीवर टांगले म्हणजे कर्तव्य संपले, असे कोणी मानत नाही. त्यावरील तपासणीची तारीखही पाहिली जाते. लघुउद्योजकांच्या संघटना, लेखापाल आणि कर्ज देणाऱ्या बँका यांनी 'बॅकअप घेता का' या प्रश्नाऐवजी 'शेवटचा बॅकअप परत उतरवून कधी पाहिला' असे विचारण्याची प्रथा पाडली, तर कायद्याने घातलेली रोजची अट कागदावरून प्रत्यक्षात उतरेल.