आवाज वाढवू नका, तोल साधा

“डॉक्टर, मिक्सर आणल्यापासून याचे कान बिघडलेत,” असे एका माउलीने दवाखान्यात सांगितले, तेव्हा क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातील यंत्रच आले. शेजारी बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने खुलासा केला. त्याला ड्रमवादनाचा ध्यास आहे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून घरी इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच आला. त्याचा आवाज आणि मोबाइलवरील गाणे हेडफोनमध्ये एकत्र ऐकता यावे म्हणून स्वस्तातला छोटा ऑडिओ मिक्सर आला. घर शांत झाले. पण रोजच्या दोन तासांच्या सरावानंतर मुलाच्या कानांत शिट्टी वाजत राहू लागली. “हे सगळे बंदच करावे का?” असा आईचा प्रश्न होता. मुलगा खाली मान घालून बसला होता.

बंद करण्याची गरज नाही, असे मी सांगितले. मात्र ‘शेजाऱ्यांना ऐकू येत नाही’ म्हणजे ‘आवाज कमी आहे’, ही समजूत आधी सोडायला हवी. घरभर पसरणारा आवाज आता थेट दोन कानांत उतरत असतो. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या श्रवणदोषाचा दोष रंगमंचापेक्षा स्टुडिओतील हेडफोनना अधिक दिला आहे, हे येथे आठवण्याजोगे आहे.

आपल्या प्रत्येक अंतःकर्णात केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, वारंवार थकल्या की मरतात आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. कामाच्या ठिकाणांसाठी वापरला जाणारा एक हिशेब असा : ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालू शकतो, पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला १ तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे! मोठ्या आवाजापासून बचावासाठी मध्यकर्णातील स्नायू आक्रसतात खरे. परंतु ड्रमचा आघात इतका अचानक असतो की, ते सावध होण्यापूर्वीच तो आत पोहोचलेला असतो.

मग मिक्सर दोषी आहे काय? मुळीच नाही. नीट वापरला तर तोच कानांचा रक्षक ठरतो. हा मुलगा ड्रमच्या आवाजात गाणे बुडाले की गाणे वाढवी, मग ड्रम दबले की ड्रम वाढवी. ही चढाओढ थांबत नसे. मिक्सरमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतंत्र बटण असते, ते नेमके या चढाओढीवरचा उपाय म्हणून. गाणे ऐकू येत नसेल तर ड्रम कमी करावेत. गाणे वाढवू नये. सारे पथ्य या एका वाक्यात आहे.

सरावाच्या वेळी पुढील क्रम पाळावा. मिक्सर सुरू करताना व तारा जोडताना हेडफोन कानांवर नसावेत आणि त्यांचे बटण शून्यावर असावे. अन्यथा जोडणीचा ‘ठक्’ असा आघात थेट कानात बसतो. प्रथम गाणे किंवा मेट्रोनोम हळू ठेवून ऐकावा, मग ड्रम त्याच्या जोडीला येतील एवढेच वाढवावेत. जोरात वाजवतानाही मिक्सरचा लाल दिवा लागता कामा नये. समाधानकारक पातळी सापडली की बटणांजवळ नेलपॉलिशचा ठिपका द्यावा आणि मोबाइलचा आवाजही ठरलेल्या पातळीवरच ठेवावा. तासाभराने ‘थोडे वाढवावे’ असे वाटले, तर तो कान थकल्याचा इशारा समजावा आणि विश्रांती घ्यावी. मोबाइलवरील धोक्याच्या सूचनेवर विसंबू नये. मिक्सर पुढे आवाज किती वाढवतो, हे मोबाइलला कळत नाही.

घरी खरा, कातडी ताणलेला ड्रमसंच असेल, तर कान पूर्ण झाकणारे, बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोनच घ्यावेत. साध्या हेडफोनमध्ये बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागतो आणि कानांवर दुहेरी मारा होतो.

सरावानंतर कानात शिट्टी वाजणे, बोलणे कापसातून आल्यासारखे वाटणे, ही लक्षणे दुसऱ्या दिवशीही राहिली किंवा वारंवार होऊ लागली, तर श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र एक दिवसही वाट पाहू नये. कानात तेल घालत बसण्यापेक्षा त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. उपचार जितके लवकर, तितकी आशा अधिक.

या मुलाची चाचणी सुदैवाने ठीक आली. तो परवाना नव्हे, ताकीद आहे, असे मी त्याला बजावले. महिन्याने तो पुन्हा आला तेव्हा शिट्टी थांबली होती. “डॉक्टर, आवाज कमी केल्यावर माझ्या चुका मला ऐकू यायला लागल्या,” तो म्हणाला. आई हसली. ड्रम घरातच राहिले आहेत. त्या मिक्सरवर आता लाल नेलपॉलिशचे तीन ठिपके आहेत.