नवऱ्याचं नाव एहसान असेल, तर रहस्य कसलं?

बेपत्ता नवऱ्याला शोधणारी बाई आणि तो नवरा भलताच कुणीतरी निघणं, हा थ्रिलरचा हुकमी मसाला. त्याची अट एकच, प्रेक्षकाला आधी काही कळता कामा नये. नवरा मुसलमान असला की हिंदी सिनेमा ही अट खुशाल मोडतो.

‘फना’ (2006) मधला रेहान दिल्लीत पर्यटकांना फिरवतो, शायरी ऐकवतो. अंध झूनी त्याच्यात गुंतते. शस्त्रक्रियेनंतर तिला दिसू लागतं, तोवर तो स्फोटात गेल्याची खबर येते. ‘कुर्बान’ (2009) मध्ये एहसान खान हा प्राध्यापक सहकारी अवंतिकाशी लग्न करून अमेरिकेत पोहोचतो. म्हणजे लग्न हाच कटाचा भाग. दोन्ही नवऱ्यांचं गुपित एकच आणि नाव ऐकताच अर्ध्या थिएटरला ते ठाऊक. मग दोन-अडीच तास आपण वाट कसली पाहायची? आपला संशय खरा ठरण्याची?

काही मित्र म्हणतात, ‘कुर्बान’मध्ये चांगला मुसलमानही आहे की! आहे ना. रियाज नावाचा पत्रकार. पण चांगलं ठरण्यासाठी त्याला जिवावर उदार होऊन अतिरेक्यांच्या टोळीत शिरावं लागतं. नोकरी करावी, कर्जाचे हप्ते भरावेत, बायकोशी भांडावं आणि तरी चांगलं म्हणवून घ्यावं, एवढी साधी सवलत त्याला नाही.

यावर ‘अशी कथाच तशी असते’ हे उत्तर मला मान्य नाही. कारण सुजॉय घोषचा ‘कहानी’ (2012). (पाहिला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा.) विद्या बागची नावाची गरोदर बाई लंडनहून कोलकात्यात येते आणि नवरा हरवल्याची तक्रार घेऊन कालीघाट पोलीस ठाण्यात उभी राहते. त्या नवऱ्याचा चेहरा मिलन दामजी नावाच्या माणसाशी जुळतो. मेट्रोत विषारी वायू सोडणारा हा दामजी आयबीचाच जुना माणूस. त्याला वाचवणारेही खात्यातलेच. आणि खान? नवाजुद्दीन सिद्दीकीचा खान आयबीचा अधिकारी आहे. उर्मट, सिगारेट ओढणारा, विद्येला गळाला लावलेल्या आमिषासारखी वापरणारा. तो मला मुळीच आवडत नाही, आणि हेच मला आवडलं. त्याच्याकडे कुणी निष्ठेचा दाखला मागत नाही, तोही देत नाही. खरी ओळख लपवलेली असते ती विद्येनंच. आडनावावर भिस्त न ठेवल्यामुळे शेवटचा धक्का खरोखर बसतो. दुर्गापूजेच्या गर्दीत हे सगळं घडतं आणि सिनेमा चाललाही उत्तम. तेव्हा ‘पब्लिकला हेच लागतं’ ही सबब निर्मात्यांनी सांगू नये.

पडद्यावरचा हा संशय पडद्यावर थांबत नाही. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारनं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला समिती नेमली. टीका झाली तेव्हा काही दिवसांतच त्यातून आंतरजातीय लग्नं वगळली. आंतरधर्मीय ठेवली. सज्ञान मुलीनं स्वतः निवडलेल्या नवऱ्याची चौकशी आता सरकारी कामकाज झाली, आणि त्या जोडप्यानं काय लपवलंय हे कुणी विचारायच्या आधीच ठरलेलं आहे.