दशांशचिन्हापुढचा आकडा किती खरा?

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या वायव्य टोकाला असलेल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सियस तापमान नोंदवले आणि काही तासांत ती बातमी जगभर पोहोचली. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदवला गेलेला ५१ अंशांचा देशातील उच्चांक मोडीत निघाल्याचेही जाहीर होऊन गेले. वस्तुतः त्याच दिवशी राजधानीच्या उर्वरित भागांतील कमाल तापमान ४५.२ ते ४९.१ अंशांच्या दरम्यान होते. हवामान खात्याने त्याच सायंकाळी मुंगेशपूरच्या नोंदीबाबत शंका व्यक्त केली. पुढे तज्ज्ञांनी प्रमाणित उपकरणाशी तुलना केली, तेव्हा तेथील संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे निष्पन्न झाले. त्याच आठवड्यात नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली. तीही संवेदकातील बिघाडामुळे बाद ठरली.

मापनातील त्रुटी दोन प्रकारच्या असतात. वाऱ्याची झुळूक, ढगाची सावली यांमुळे वाचन कधी थोडे वर, कधी थोडे खाली जाते. अशा यादृच्छिक त्रुटी अनेक वाचनांची सरासरी घेतली की आटोक्यात येतात. शंभर वाचने घेतल्यास सरासरीतील अनिश्चितता दहापटीने घटते. मुंगेशपूरची त्रुटी मात्र पद्धतशीर होती. सदैव तीन अंश जास्त दाखवणाऱ्या संवेदकाची हजार वाचने घेतली, तरी सरासरी तीन अंशांनी चुकीचीच येणार. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे वेळोवेळी अंशांकन.

येथे सार्थ अंकांचा प्रश्न येतो. एखाद्या आकड्यातील जेवढे अंक मोजमापाच्या आधारावर उभे असतात, तेवढेच सार्थ. ५२.९ मधील नऊ हा अंक वाचकाला सांगतो, की मापन दशांश अंशापर्यंत भरवशाचे आहे. प्रत्यक्षात एकक स्थानचा दोनदेखील भरवशाचा नव्हता. ५२.९ मधून तीन वजा करून ४९.९ असे 'खरे' तापमान काढणे, म्हणजे त्याच चुकीची पुनरावृत्ती होय. दोष 'सुमारे तीन' एवढाच ठाऊक असेल, तर उत्तरही 'सुमारे ५०' एवढेच.

ही केवळ प्रयोगवहीतील शिस्त नव्हे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले की उष्णतेची लाट आणि ४७ वर गेले की तीव्र लाट मानली जाते. तीन अंशांच्या दोषाने ४४ अंशांचा दिवस थेट तीव्र लाटेत जाऊन बसतो. संवेदक उलट्या दिशेने चुकला, तर खरी लाटच नोंदीतून गायब होते आणि उन्हात राबणाऱ्या मजुरापर्यंत इशारा पोहोचत नाही. शिवाय एक खोटा विक्रम उघडा पडला, की खऱ्या उष्म्यावरही अविश्वास दाखवणाऱ्यांचे फावते. त्याच २९ मे रोजी सफदरजंगच्या वेधशाळेत ४६.८ अंश, म्हणजे ७९ वर्षांतील सर्वाधिक तापमान नोंदवले गेले होते, पण ५२.९ च्या गदारोळात ती बातमी झाकोळली.

जागतिक हवामान संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये २०२४ या वर्षाची तापमानवाढ १८५०-१९०० च्या तुलनेत १.५५ अंश असल्याचे जाहीर केले. त्यासोबत ०.१३ अंशांची कमी-अधिक अनिश्चितताही स्पष्ट नमूद होती. म्हणजे खरा आकडा १.४२ ते १.६८ दरम्यान असण्याची शक्यता अधिक. दीड अंशाची मर्यादा ओलांडली गेल्याची शक्यता दाट, पण निर्विवाद नव्हे. मथळ्यांतून हा दुसरा आकडा बहुधा गळाला.

जुने विक्रमही या कसोटीतून सुटत नाहीत. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीचे १९१३ चे ५६.७ अंश हे मुळात १३४ अंश फॅरनहाइट असे पूर्णांकात नोंदवलेले होते. दशांश आला तो रूपांतरातून. लिबियातील अल अझिझियाचा १९२२ चा ५८ अंशांचा विक्रम तर २०१२ मध्ये रद्द झाला. अननुभवी निरीक्षकाने उपकरण चुकीचे वाचल्याने सुमारे सात अंशांची चूक झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. त्यासाठी नव्वद वर्षे लागली. मुंगेशपूरची चूक काही दिवसांत सापडली, कारण शहरात तुलनेसाठी इतर केंद्रे होती. जिथे आसपास दुसरे केंद्रच नाही, तिथला तीन अंशांचा दोष वर्षानुवर्षे नोंदीत तसाच राहू शकतो.