विश्लेषण : होडीच्या लांब शर्यतीत पाणीच जिवावर का बेतते?

अमेरिकेतील ‘टेक्सास वॉटर सफारी’ ही शर्यत ऐन जूनच्या उकाड्यात होते. सॅन मार्कोस गावापासून समुद्रकाठच्या सीड्रिफ्टपर्यंत नदीमार्गे २६० मैल, म्हणजे सुमारे ४१८ किलोमीटर. मुदत १०० तासांची. स्पर्धक रात्रंदिवस वल्हवत राहतात. अशा शर्यतीत पाणी कमी पडण्याची भीती कोणालाही वाटेल. पण २०१२ मध्ये येथे एका स्पर्धकाचा मृत्यू झाला, तो हायपोनेट्रेमियामुळे. म्हणजे रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरल्यामुळे.

हायपोनेट्रेमिया कसा होतो?

रक्तात सोडियमचे प्रमाण लिटरला साधारण १३५ ते १४५ मिलिमोल असते. घामातून मीठ जाते हे खरे, पण खेळाडूंमध्ये हे प्रमाण घसरण्याचे मुख्य कारण बहुतेकदा वेगळे असते. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्त पातळ होते. एरवी मूत्रपिंडे जादा पाणी सहज बाहेर टाकतात. मात्र तासन्‌तास श्रम, मळमळ, वेदना यांमुळे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढते आणि शरीर पाणी धरून ठेवू लागते. ताशी एक लिटर घाम जात असताना दीड लिटर पाणी प्यायले, तर सहा तासांत तीन लिटर पाणी जादा साचते. ते पेशींमध्ये शिरते, मेंदूला सूज येते. कवटीत सुजेला जागा नसते, त्यामुळे पुढचे सगळे झपाट्याने घडते.

हा प्रकार विरळा नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले. शर्यतीत वजन वाढणे हे त्यातील ठळक लक्षण होते.

होडीत धोका वेगळा का?

धावपटूला पाणी प्यायला टेबलापाशी जावे लागते. होडीत मात्र पाण्याची नळी तोंडाजवळच लटकत असते. दोन्ही हात वल्ह्यावर, करायला दुसरे काही नाही, मग घोट घेणे ही सवय होते. अंगावर नदीचे पाणी उडत असल्याने घाम किती गेला ते कळत नाही. अनेक जण घड्याळावर दर १५ मिनिटांचा गजर लावतात. दुपारी ३८ अंशांत ठरवलेला तो वेग रात्री हवा थंडावल्यावरही तसाच चालू राहतो. माझ्या मते या शर्यतींमधील सर्वात घातक वस्तू हा गजर आहे. पाणी ‘वेळेवर’ पिण्याचे औषध नाही. २०१५ मध्ये या विषयावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेही साधा सल्ला दिला : तहान लागेल तसे प्या.

याचा अर्थ पाणी तोडा असा नव्हे. निर्जलीकरण आणि उष्माघातही जीव घेतात. शर्यत संपताना वजन थोडे कमी भरणे मात्र स्वाभाविक आहे. ते वाढले असेल, तर पिणे जास्त झाले आहे.

इलेक्ट्रोलाइट घेतले की भागते?

हा गैरसमज सर्वदूर आहे. बाजारातील नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरला सुमारे २० मिलिमोल सोडियम असते. रक्तात त्याच्या सातपट. त्यामुळे असे पेयही अति प्यायल्यास रक्त पातळच होते. मिठाच्या गोळ्या घेऊन वर भरमसाट पाणी ढोसले, तरी हिशेब तोच. लांब शर्यतीत खारवलेले अन्न, सूप, खारे दाणे यांचा उपयोग आहे, पण तो तहानेइतक्याच पाण्यासोबत.

आपल्याकडे हाच गोंधळ ‘ओआरएस’च्या नावाने चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम आणि तेवढेच ग्लुकोज असते. ते मुख्यतः जुलाबांसाठी आहे, आणि लिटरची पुडी पूर्ण लिटर पाण्यातच मिसळायची असते. साखरेची गोड पेये हेच नाव लावून विकली जात होती. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम त्या मानाने कमी. म्हणून घामाने गेलेल्या मिठाची भरपाई एकट्या शहाळ्याने होत नाही.

काठावरच्या माणसाने काय पाहावे?

डोकेदुखी, मळमळ, थकवा ही लक्षणे पाणी कमी पडल्यावरही दिसतात आणि जास्त झाल्यावरही. नेमका इथेच घात होतो. ‘पाणी पी, बरे वाटेल’ म्हणत आणखी बाटली पुढे केली जाते. त्याऐवजी बोटे सुजली आहेत का, अंगठी वा घड्याळाचा पट्टा रुतला आहे का, पोट डचमळते आहे का, शेवटच्या काही तासांत किती बाटल्या संपल्या, हे विचारावे. लघवी कमी झाली म्हणजे पाणी कमी पडले, असेही समजू नये, कारण संप्रेरकामुळे ती तशीच अडते. साधा वजनकाटा गाडीत ठेवायला आयोजकांनी लाइफ जॅकेटइतकाच आग्रह धरायला हवा.

बोलणे असंबद्ध होऊ लागले, उलट्या थांबेनात किंवा झटका आला, तर पाणी पाजू नये. थेट रुग्णालय गाठावे आणि सोडियम तपासायला सांगावे. तेथे तीव्र अवस्थेत ३ टक्के क्षाराचे सलाइन १०० मिलिलिटरच्या मात्रेत दिले जाते. नेहमीचे सलाइन बाटल्यांमागून बाटल्या चढवल्यास प्रकृती आणखी बिघडू शकते. म्हणूनच ‘हा बारा तास वल्हवत होता आणि सतत पाणी पीत होता’ हे वाक्य डॉक्टरांना सर्वात आधी सांगावे.