"मजामां" म्हणू नका, वही दाखवा



बारडोलीत इतकी वर्षं काढल्यावर आपणही डॉक्टरांनी "केम छो?" विचारलं की सवयीनं "मजामां" म्हणून मोकळे होतो. मधुमेह, रक्तदाब ही जन्माची दुखणी. त्यात हा संकोच महागात पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

जन्मभर बँकेत खातेवह्या तपासल्या, म्हणून सांगतो, दुखण्याचंही पासबुक ठेवा. तारीख, साखर, बीपी, चालू गोळ्या, नवीन त्रास, सगळं एका वहीत. एचबीएवनसी साधारण ३ महिन्यांची सरासरी सांगते, रोजचे चढउतार वहीतच दिसतात. माझ्या वहीत पहाटेची साखर सलग ४ दिवस ७० च्या खाली दिसली, ती बघून डॉक्टरांनी गोळी कमी केली. नुसतं "मजामां" म्हटलं असतं तर?

प्रश्नही लिहून न्या. ही गोळी कशासाठी? किती दिवस? काय झालं तर लगेच यायचं? दवाखान्यात दाखल झालात तर नंतर केसपेपरची प्रत मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यावर ७२ तासांत ती द्यायला हवी. ही मेहरबानी नव्हे.

१९२८ साली इथल्या शेतकऱ्यांनी २२ टक्के सारावाढ भरायला नकार दिला. पुढे चौकशीत आकडे तपासले गेले आणि वाढ ६ टक्क्यांच्या आसपास आली. त्याच बारडोलीत राहून आपण डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायला का लाजायचं? विचारणं म्हणजे उलट बोलणं नव्हे.